जुन्या ट्रायम्फचा पट्टा काढून चेन घालावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात पणजोबांची साडेतीन हॉर्सपॉवरची ट्रायम्फ मोटरसायकल आहे. एक सिलिंडर, गिअरबॉक्स नाही, इंजिनाच्या पुलीवरून पट्टा थेट मागच्या चाकावर. इंजिन चालू होतं, सपाटीवर गाडी चालते, पण चढ आला की पट्टा स्लिप होतो. गावातल्या मेकॅनिकने पिठाच्या गिरणीचं सामान मिळतं तिथून नवा व्ही पट्टा आणून घातला, तरी फरक पडला नाही. आता त्यांचं म्हणणं, दोन स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) करून घेऊ आणि चेनच बसवून टाकू. तुम्हाला व्हिंटेज रॅलीसाठी गाडी घाटातून न्यायची आहे. आणि तुमची शंका अशी की सायकलीला चेन तेव्हाही होतीच, मग ट्रायम्फवाल्यांना ती का सुचली नाही?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. चेन घालू नका. पट्टा नीट चालवता येतो, आणि तुमचा पट्टा का स्लिप होतोय याचा माझा अंदाज तुमच्या प्रश्नातल्याच एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे गिरणी.

मी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागच्या गाड्या उभ्या करतो. 'पट्टा काढू का' ही विचारणा माझ्याकडे वारंवार येते. विचारणाऱ्याला वाटतं की पट्टा ही त्या काळची अडाणी सोय होती आणि चेन ही सुधारणा. हा समज धरून गाडीला हात लावला की नुकसान ठरलेलं. इंजिनाचा झटका चाकापर्यंत पोचताना मध्ये कोण खातो, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या गाडीत तो पट्टा खातो. पट्टा काढलात तर दुसरं काहीतरी खाईल, आणि ते काय असेल ते खाली सांगतो.

चेन माहीत नव्हती असं अजिबात नाही. मँचेस्टरच्या हॅन्स रेनॉल्डने बुश-रोलर चेनचं पेटंट १८८० मध्येच घेतलं होतं. ट्रायम्फ ही तर मुळात कॉव्हेंट्रीची सायकल कंपनी, म्हणजे चेन त्यांच्या रोजच्या कामातली वस्तू. अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला हेंडी आणि हेडस्ट्रॉम यांनी १९०१ मध्ये पहिली इंडियन मोटरसायकल काढली ती चेनवरच. तरीही ट्रायम्फने आपल्या मोटरसायकलींचं मागचं चाक १९२० पर्यंत पट्ट्यावर चालवलं. हे लोक विचार करून पट्ट्यावर टिकून होते.

आता झटक्याचं गणित बघू. फोर-स्ट्रोक एका सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. ७२० अंशांपैकी साधारण १८० अंश स्फोटाचा दाब पिस्टनला ढकलतो, उरलेले ५४० अंश इंजिन फ्लायव्हीलच्या, म्हणजे आतल्या जड चक्राच्या, जोरावर ओढलं जातं. समजा पुली ५ इंच व्यासाची आणि मागच्या चाकावरची पट्ट्याची रिम २१ इंचाची आहे. म्हणजे गुणोत्तर ४.२. चाक २६ इंची. ताशी ४० किलोमीटरला इंजिन मिनिटाला साडेतेराशेच्या आसपास फिरतं आणि सेकंदाला अकरा ठोके देतं. एवढे ठोके जवळजवळ एकसंध वाटतात. चढावर वेग १५ वर आला की इंजिन पाचशेवर येतं आणि ठोके सेकंदाला चारच उरतात. गिअर बदलायची सोय नाही, म्हणून नेमक्या चढावर प्रत्येक ठोका सुटा आणि जड लागतो. थ्रॉटल पूर्ण उघडा, स्पार्क मागे घेतलेला, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असा, आणि इंजिन धापा टाकतंय, अशा अवस्थेत पुलीवर हात ठेवता आला असता तर ती प्रत्येक ठोक्याला पुढे झेपावते आणि मग मंदावते हे जाणवलं असतं.

रबर आणि कॅनव्हासचा पट्टा या झेपेला किंचित ताणला जातो आणि पुलीवर केसभर सरकतो. तेवढ्यात ठोक्याचा शेंडा बोथट होतो. क्लच नसलेल्या गाडीत पट्टा हाच धक्काशोषक, आणि अति झाल्यावर सुटणारा क्लचही तोच. चेन ताणली जात नाही, सरकतही नाही. ठोका आहे तसा स्प्रॉकेटवर बसतो. वर ५४० अंशांच्या काळात चाकच इंजिनाला ओढतं, तेव्हा चेनची वरची बाजू ढिली पडते आणि पुढच्या ठोक्याला खाडकन ताठ होते.

तुमच्या गाडीत हे सगळं कुठे जाऊन बसेल? पहिली जागा पुलीची. ती मुख्य शाफ्टच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, छोट्याशा कीने (धातूच्या खुंटीने) धरलेली असते. ती की कापली जाते, किंवा टेपर चुरगळून पुली डुलायला लागते. दुसरी जागा त्याहून वाईट. आतली दोन फ्लायव्हील क्रँकपिनवर टेपर आणि नटाने जुळवलेली असतात. एकसारख्या झटक्यांनी ती एकमेकांच्या तुलनेत फिरली की शाफ्ट वाकडा धावतो आणि बिग एंड (क्रँकपिनवरचं बेअरिंग) आणि शाफ्टचे बुश दोन्ही जातात. तिसरी जागा मागच्या चाकाची. पट्ट्याची रिम चाकाच्या आऱ्यांच्या आधाराने बाहेरच्या बाजूला बसवलेली असते, म्हणजे ओढ चाकाच्या परिघाजवळ लागते. स्प्रॉकेट हबवर बसवलं की तीच ओढ छोट्या त्रिज्येवर येते, आणि ते हब त्यासाठी बनवलेलंच नाही. शंभर वर्षांपूर्वीचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, एकदा फुटलं की वेल्डिंगवाल्याच्या हाताखाली जातं. तिथून ते पूर्वीसारखं सरळ परत येणं कठीण असतं.

माझ्या म्हणण्याला सर्वांत चांगला पुरावा ट्रायम्फच्याच कामात आहे. १९१५ चं मॉडेल एच पहिल्या महायुद्धात लष्कराच्या कामासाठी हजारोंनी गेलं. त्यात इंजिनापासून स्टर्मी-आर्चर तीन गिअरच्या बॉक्सपर्यंत चेन आहे, मध्ये क्लच आहे, आणि तरी गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत पट्टाच ठेवला आहे. पुढे १९२० मध्ये त्यांनी तेच ५५० सीसीचं इंजिन घेऊन पूर्ण चेनची गाडी काढली, तेव्हा क्लचमध्ये स्प्रिंगचा धक्काशोषक घातला आणि मॉडेलचं नावच एसडी, म्हणजे स्प्रिंग ड्राइव्ह, ठेवलं. पट्टा काढला त्याच दिवशी त्याचं काम स्प्रिंगकडे सोपवलं, असा याचा सरळ अर्थ आहे. रॉयल एनफिल्डने हेच काम पहिल्या महायुद्धाच्या आधीच मागच्या हबमधल्या रबरांना दिलं. आजच्या बुलेटचं मागचं चाक उघडलंत की तीच रबरं हातात येतात. ती कुजली की चेन कशी खाड-खाड करते हे तुमच्या मेकॅनिकना पक्कं ठाऊक असेल. त्यांना एवढंच सांगा की आपल्या ट्रायम्फमध्ये ही रबरं नाहीत, त्यांच्या जागी पट्टा आहे.

मग इंडियनला चेन कशी चालली, असं तुम्ही विचाराल. १९११ मध्ये आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत पहिल्यांदा डोंगरी मार्गावर झाली. सीनियर शर्यतीत इंडियन पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, आणि ऑलिव्हर गॉडफ्री जिंकला. त्या गाड्या व्ही-ट्विन होत्या. दोन सिलिंडर म्हणजे ठोक्यांची संख्या दुप्पट आणि प्रत्येक ठोका हलका. शिवाय क्लच आणि दोन गिअर. तिथल्या स्नेफेल डोंगराच्या चढावर गिअर बदलता आल्यामुळे इंजिन कधी गुदमरलंच नाही. यॉर्कशरच्या अल्फ्रेड स्कॉटची गाडी त्याहून बोलकी आहे. तिचं इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, ठोका दर १८० अंशांना. तुमच्या इंजिनाच्या चौपट दाट. स्कॉटने १९०८ पासून चेनच वापरली आणि १९१२ व १९१३ ची सीनियर टीटी जिंकली. इंजिनच एकसंध फिरत असेल तर चेनला तक्रार नसते.

उलट उदाहरणही सांगतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच निवडतोय असं वाटणार नाही. क्लेकहीटनची पी अँड एम ही मोटरसायकल एका सिलिंडरची, साडेतीन हॉर्सपॉवरचीच, आणि तरी पूर्ण चेनची. महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने, म्हणजे रॉयल फ्लाइंग कोअरने, ती वापरली आणि ती टिकाऊ म्हणून नावाजली गेली. पण तिच्यात इंजिनाकडून दोन वेगवेगळ्या चेन निघतात, प्रत्येकीच्या चक्रात फुगणारा क्लच आहे, आणि दोनपैकी एक धरला की तो गिअर लागतो. झटका जास्त झाला की क्लच सुटायला जागा आहे. अशी सगळी यंत्रणा असेल तर मीही चेनच घेईन. तुमच्याकडे ती नाही.

इथे एक खात्री करून घ्या, कारण सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे. बॅरल (सिलिंडर) कधी उतरवलात तर त्याचा आतला व्यास, म्हणजे बोअर, आणि पिस्टनचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, मोजा. बोअर ८५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८ असेल तर ती ४९९ सीसीची, साडेतीन हॉर्सपॉवरची गाडी. स्ट्रोक ९७ निघाला तर इंजिन ५५० सीसीचं, म्हणजे १९१४ किंवा नंतरचं. मग कुणीतरी मधल्या काळात इंजिन बदललंय असं समजा. मागचं हबही बघा. काही ट्रायम्फना हबमध्येच अनेक पत्र्यांचा क्लच होता, त्यांना फ्री इंजिन म्हणत. तसा असेल तर गाडी जागेवर सुरू ठेवून निघता येतं, पळत ढकलून उडी मारावी लागत नाही. पण तो पट्ट्याच्या पलीकडे आहे. म्हणजे पट्टा काढायचा नाही ही गोष्ट तशीच राहते.

आता स्लिपबद्दल. व्ही पट्टा तळावर बसून ओढत नाही, दोन बाजूंनी पाचरीसारखा रुतून ओढतो. खोबण जितकी अरुंद कोनाची, तितकी पकड जास्त. त्या काळच्या मोटरसायकलचा ठरलेला कोन २८ अंश. यात सपाट पट्ट्याच्या तुलनेत घर्षणाचा परिणाम सुमारे चौपट होतो. आजच्या गिरणीच्या, पंपाच्या, कॉम्प्रेसरच्या व्ही पट्ट्यांचा कोन ४० अंश असतो, आणि त्यांच्या स्वतःच्या पुलीतसुद्धा ही वाढ तिपटीच्या आसपासच राहते. (अरुंद कोनाची किंमतही आहे. पट्टा रुततो, बाहेर निघताना घासतो आणि लवकर झिजतो, म्हणून कारखान्यांत रुंद कोन रूढ झाला.) तुमच्याकडे ४० अंशांचा पट्टा २८ अंशांच्या खोबणीत घातलाय. त्याच्या फक्त वरच्या कडा टेकताहेत, खालचा सगळा भाग हवेत आहे. पट्टा चांगल्या प्रतीचा असला तरी त्याला धरायला जागाच मिळत नाही.

हे तपासायला उपकरण लागत नाही. पुलीच्या आतल्या बाजू रॉकेलने पुसून काढा, गाडी पाच-दहा मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन बघा. दोन्ही बाजूंना खोबणीच्या तोंडापाशी फक्त बारीक चकचकीत रेघ उमटली असेल तर कोन चुकलाय. संपूर्ण बाजू एकसारखी घासलेली दिसली तर कोन बरोबर आहे. तळ चमकत असेल तर पट्टा खाली टेकतोय. मग कितीही ताणलात तरी ओढणार नाही. आणि बाजू सरळ नसून पोटात खोलगट झाल्या असतील, बोट फिरवलं तर खळगा लागेल, तर पुली झिजली आहे. शंभर वर्षांच्या पुलीत हे बहुधा सापडतंच. ती लेथवर प्रत्येक बाजूला १४ अंशांवर पुन्हा तासून घ्या. टर्नरला '२८ अंश' एवढंच सांगू नका, एका बाजूला १४ असं कागदावर काढून द्या. नाहीतर एक बाजू सरळ ठेवून दुसरी २८ अंशांत तासली जाते.

पट्टा २८ अंशांचाच घ्या. जुन्या गाड्यांसाठी तो अजून बनतो, आणि जोडणीसाठी हूकचे फासनरही मिळतात. बाहेरून मागवावा लागला तरी चेनच्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडतो. रुंदी पुलीच्या तोंडाशी मोजून घ्या. पट्ट्याचा माथा खोबणीच्या कडेला साधारण समपातळीत किंवा किंचित वर बसावा आणि खाली तळाशी मोकळी फट राहावी. हूकचं भोक अगदी मधोमध पाडा. भोक एका अंगाला गेलं की पट्टा तिथून वाकडा खेचला जातो आणि तिथूनच तुटतो.

ताण कमी ठेवा. मेकॅनिकचा हात सवयीने पट्टा ताणायला जातो, कारण स्लिप म्हणजे ढिलेपणा असं त्यांना वाटतं. योग्य कोनाचा पट्टा खालच्या बाजूला थोडा लोंबता असला तरी ओढतो. ताठ पट्टा मुख्य शाफ्टच्या बुशवर सतत भार टाकतो आणि हूक उपसून काढतो. पुली आणि मागची रिम एका रेषेत आहेत का ते दोरा लावून बघा.

तेल हा पट्ट्याचा शत्रू. या इंजिनांना तेल हातपंपाने द्यावं लागतं आणि ते परत टाकीत जात नाही, जळून आणि गळून संपतं. घाबरून कुणी जास्त पंप मारले की क्रँककेसमधून तेल पुलीवर येतं. रबरी पट्ट्याला तेल अजिबात लागू देऊ नका. चामड्याचा पट्टा मऊ ठेवायला पूर्वी एरंडेल चोळत. तो उपाय कुणी सुचवला तर तो चामड्यापुरताच धरा. पावसात मात्र कुठलाच उपाय पुरेसा नाही. पाण्याचा थर बसला की पट्टा घसरणारच. त्या काळचे स्वारही भिजल्यावर थांबून पुसत, नाहीतर उतरून ढकलत. पावसाळ्यात गाडी बाहेर काढू नका.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पट्टा गाडीचा धक्काशोषक आहे म्हणून तो राहू द्या, कोन २८ अंशांचा करा, पुली तासून घ्या, तेल आवरा, ताण सैल ठेवा. यातलं काही अवघड नाही. एक चांगला टर्नर आणि थोडा धीर लागतो.

राहिला घाट. तुमच्या पुलीच्या दोन बाजू एकमेकींपासून लांब करता येत असतील, म्हणजे बाहेरची तबकडी आट्यांवर फिरत असेल, तर तोच तुमचा गिअर. तबकड्या लांब केल्या की पट्टा खोबणीत खोल उतरतो, पुलीचा कामचलाऊ व्यास कमी होतो आणि गाडी हलक्या गिअरवर येते. ५ इंचांची पुली ४ इंचांवर आणलीत तर वरच्या उदाहरणात गुणोत्तर ४.२ वरून ५.२५ होतं. मात्र याच वेळी दोन गोष्टी विरोधात जातात. पट्टा पुलीला साडेसहा इंचांच्या आसपास टेकत होता तो पाच इंचच टेकतो, आणि तेवढ्याच इंजिनाच्या जोराला पट्ट्यावरचा ताण सव्वापट होतो. पकड कमी, ओढ जास्त, आणि तीही चढावर. झेनिथ आणि रज या कंपन्यांनी याच कोड्यावर डोकं लढवलं. झेनिथच्या ग्रॅड्युआत पुली उघडताना मागचं चाकही आपोआप मागे सरकत असे, म्हणजे पट्टा ढिला पडत नसे. रज-मल्टीत पुली उघडली की मागच्या रिमच्या दोन बाजू जवळ येत, त्यामुळे पट्ट्याची लांबी तीच पुरे. सिरिल पुलिनने १९१४ ची सीनियर टीटी जिंकली ती अशाच रज-मल्टीवर. म्हणजे महायुद्धाच्या उंबरठ्यावरसुद्धा पट्टा जगातल्या सर्वांत कठीण शर्यतीत पहिला येत होता. मला या दोन्ही यंत्रणांबद्दल फार आदर आहे. दातेरी गिअरबॉक्स न वापरता त्यांनी चालत्या गाडीत गिअर बदलून दाखवला.

तुमच्या गाडीत चालता चालता बदल करता येणार नाही, थांबून करावा लागेल. त्या काळचे लोक चढाच्या पायथ्याशी उतरत, पुली उघडत, पट्टा आखूड करत आणि मग पुढे जात. वरच्या आकड्यांनुसार पट्टा साधारण सव्वा इंच आखूड लागेल. तुमच्या गाडीचं माप घरीच काढा आणि दुसरा आखूड पट्टा हूक लावून तयार ठेवा. रस्त्यावर पट्टा कापत बसू नका. पहिली फेरी छोट्या चढावर करा. वर पोचल्यावर पुलीला लगेच हात लावू नका, तापलेली असते, आणि बाजूंवर उमटलेली रेघ पुन्हा एकदा बघा. रॅलीच्या दिवशी घाट चढून सपाटीला लागलात की पुली मिटवून लांब पट्टा परत चढवा, नाहीतर उरलेलं अंतर इंजिन विनाकारण जोरात फिरत राहील आणि तेलाचे पंपही जास्त मारावे लागतील.